डॉक्टरांचे ३० पॉइंट आणि शेतकऱ्याचे पाय

भोर : भात लावणी आली की भोर, वेल्ह्यात दिवसदिवस पाय चिखलात. काटा मोडला तर कळतो. पण साखर जुनी असेल तर तेही कळत नाही, कारण पायाची जाणीवच गेलेली असते. मग जखम चिघळते आणि गोष्ट बोट, कधी अख्खा पाय कापण्यापर्यंत जाते.

अमेरिकेत फक्त पायांचे वेगळे परवानाधारक डॉक्टर असतात. परवाना टिकवायला त्यांना ठरावीक तास पुन्हा शिकावं लागतं. आपल्याकडे असा वेगळा परवाना नाही. पाय बघतो तो नेहमीचाच डॉक्टर. ॲलोपॅथीच्या डॉक्टरांना महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे दर ५ वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं. त्यासाठी मान्यताप्राप्त परिषदा, कार्यशाळांमधून ३० क्रेडिट पॉइंट मिळवायचे असतात. आयुर्वेद, होमिओपॅथीच्या परिषदा वेगळ्या.

नियम चांगलाच आहे. अडचण एवढीच, की तो तास मोजतो, गावची गरज नाही. ३० पॉइंट भरले, तरी मधुमेहींचे पाय तपासण्याचं प्रशिक्षण एकदाही झालेलं नसू शकतं. शिवाय दवाखाना बंद ठेवून पुणं गाठायचं म्हणजे पेशंटचीही अडचण.

त्यापेक्षा लावणीआधी अशी एक कार्यशाळा भोरलाच का नको? १० ग्रॅम दाबाचा नायलॉन धागा तळपायाला टेकवून जाणीव तपासायला काही मिनिटं पुरतात.

तोवर साखरेच्या पेशंटनी वर्षातून एकदा तरी चप्पल काढून सांगावं, "डॉक्टर, पाय पण बघा."