केस पेपरवरची एक ओळ

यंत्रात सापडलेला हात बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात सहसा येत नाही. तो शल्यविशारदांकडे किंवा अस्थिरोगतज्ज्ञांकडे जातो. आमच्याकडे येते ते त्या हाताचे लेकरू, आणि तेही चार-सहा महिन्यांनी. त्यामुळे अपघात आणि आजार यांचा संबंध आमच्या वहीत कधी लागत नाही, आणि शल्यविशारदांच्या वहीत तर मूल नसतेच.

२०२३ च्या पावसाळ्यात लिंबायतमधून एक आई चौदा महिन्यांच्या मुलाला घेऊन आली. वजन सात किलो चारशे ग्रॅम. नवव्या महिन्याची गोवराची लस राहून गेलेली, बाटलीत निम्मे पाणी घातलेले दूध. मी नेहमीप्रमाणे आहाराविषयी चार शब्द सुनावण्याच्या तयारीत होतो. ती खाली मान घालून म्हणाली, "डॉक्टरसाहेब, त्यास्ना हात मशीनमा गया." घर मूळचे धुळे जिल्ह्यातले. नवरा कापड प्रक्रियेच्या एका मिलमध्ये ठेकेदाराकडे होता. सात महिन्यांपूर्वी उजव्या हाताची तर्जनी आणि मधले बोट रोलरमध्ये गेले. सेठने नर्सिंग होमचे बिल भरले, वर दहा हजार रुपये दिले, आणि ठेकेदाराने उद्यापासून येऊ नकोस असे सांगितले. आता ती घरी साड्यांना टिकल्या लावत होती आणि मूल मोठ्या बहिणीच्या कडेवर वाढत होते. तिने पिशवीतून नवऱ्याचे डिस्चार्ज कार्ड काढून दाखवले. त्यावर लिहिले होते : "घरी टेबल फॅनमध्ये हात जाऊन जखम."

या एका ओळीविषयी मला लिहावयाचे आहे.

त्या माणसाचे वय तीस आणि पगार बारा हजार होता. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याचा (२०१० पासून त्याचे नाव 'कर्मचारी नुकसानभरपाई कायदा' झाले) हिशेब असा : कायमच्या संपूर्ण अपंगत्वास मासिक वेतनाच्या साठ टक्के गुणिले वयानुसारचा गुणक. तिसाव्या वर्षी तो २०७.९८. म्हणजे ७,२०० गुणिले २०७.९८, जवळजवळ पंधरा लाख. एका हाताची दोन बोटे गेल्यास कोष्टकात अर्जनक्षमतेची हानी वीस टक्के धरली आहे. त्याचे होतात २,९९,४९१ रुपये. एक महिन्यात न दिल्यास वर बारा टक्के व्याज, आणि समर्थनीय कारण नसेल तर पन्नास टक्क्यांपर्यंत दंड. सेठने भरलेले उपचाराचे बिल या रकमेतून वजा होत नाही. कायद्यात तसे स्पष्टीकरणच आहे. "मी दवाखान्याचा खर्च केला, आणखी काय हवे?" हा प्रश्न आपण सर्वांनी ऐकला असेल, आणि बहुधा मनातल्या मनात मान्यही केला असेल. (जाता जाता : गुणकाच्या कोष्टकाची पहिली ओळ 'सोळा वर्षांपर्यंत' अशी आहे. मिशी न फुटलेल्या पोरांच्या वयाच्या दाखल्यासाठी जी माणसे आमच्याकडे येतात, त्यांना पाहून मला ती ओळ आठवते.)

ज्या आस्थापनात दहा किंवा अधिक माणसे आहेत आणि वेतन एकवीस हजारांपर्यंत आहे, तेथे खरे तर कर्मचारी राज्य विमा योजना लागू व्हावयास हवी. तिच्यात तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात वेतनाच्या नव्वद टक्के रक्कम मिळते. परंतु ठेकेदाराने नावच नोंदवले नसेल, हजेरीपत्रक नसेल, पगार रोखीने मिळत असेल, तर हा मनुष्य त्या मिलमध्ये कामाला होता हे सिद्ध कसे करावयाचे? अशा वेळी त्याच्या हाती अपघाताच्या दिवशीचा एकच कागद असतो, आणि तो आपण लिहिलेला असतो. ठेकेदाराचा मनुष्य असला तरी मूळ मालकाची जबाबदारी कायद्याने सुटत नाही. पण "घरी टेबल फॅनमध्ये" असे लिहिले की मालकही सुटतो आणि ठेकेदारही.

मी हे वरच्या आसनावर बसून लिहीत नाही. इंटर्नशिपच्या काळात अपघात विभागात रात्रपाळीला असताना असाच एक हात माझ्यासमोर आला होता. सोबत आलेल्या व्यवस्थापकाने "साहेब, घरी पडला असे लिहा, पोलिसांची कटकट नको" असे सांगितले. मी लिहिले. जखमी मनुष्य काही बोलला नाही. मीही त्याला विचारले नाही. त्या वेळी मला तो शिष्टाचाराचा प्रश्न वाटला होता.

आपले युक्तिवाद मला पाठ आहेत. न्यायालयात साक्षीला जावे लागते, ओपीडी बुडते. मिलमालक आपला जुना रुग्ण असतो, त्याच्या नातवाला मीच लस टोचलेली असते. आणि संकोच न ठेवता सांगावयाचे तर या स्मरणिकेच्या जाहिरातींची पानेही त्याच मंडळींच्या औदार्यावर उभी असतात. यात सगळे मालक दुष्ट आहेत असेही नाही. उधन्यात बारा लूमचे खाते चालवणारा मनुष्य कर्जात बुडालेला असतो. तीन लाख म्हटले की त्याच्या पोटात गोळा येतो. परंतु याच जोखमीसाठी विमा कंपन्यांची पॉलिसी मिळते, आणि ती घेतलेली असेल तर खोट्या इतिहासाने मालकाचाही तोटाच होतो. अपघात घरी झाला असे कागद सांगत असेल तर विमा कंपनी पैसे कशाचे देईल?

आपल्याकडून फार मोठे शौर्य कोणी मागत नाही. अपघात कोठे झाला, किती वाजता, कोणत्या यंत्रावर, हे सांगितले कोणी (रुग्णाने की सोबत्याने), उजवा हात की डावा, आणि रुग्ण कोणत्या हाताने काम करतो, एवढे लिहावे. एमएलसी नोंदवावी. कार्डाची प्रत रुग्णाच्या हाती द्यावी, व्यवस्थापकाच्या नव्हे. टक्केवारीचा दाखला देताना मात्र अधिक सावध असावे. अवयवाचे अपंगत्व आणि अर्जनक्षमतेची हानी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डावा हात गमावलेल्या एका सुताराच्या प्रकरणात १९७५ साली सर्वोच्च न्यायालयाने ती हानी शंभर टक्के धरली, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. विणकऱ्याच्या बोटांविषयी आपण "किरकोळ" हा शब्द किती सहज वापरतो!

मृत्यूच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आपल्या खानदेशी बांधवांपर्यंत पोहोचलीच पाहिजे. शवाबरोबर गावी लाखभर रुपये पाठवून, कोऱ्या कागदावर अंगठा घेऊन प्रकरण मिटवले जाते. १९२३ च्या कायद्याने मृत्यूची भरपाई आयुक्तांकडे जमा करावयाची असते. परस्पर दिलेली रक्कम भरपाई म्हणून धरली जात नाही, आणि हक्क सोडल्याचा करार तर मुळातच रद्दबातल. शिवाय १९९५ च्या दुरुस्तीनंतर विधवेला दाव्यासाठी सुरतेच्या खेपा घालाव्या लागत नाहीत. ती जेथे राहते तेथील आयुक्तांपुढे अर्ज करू शकते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता अमलात आली आणि हा जुना कायदा तिच्यात सामावला गेला. जखमांचे कोष्टक आणि वयाचे गुणक संहितेतही आहेत. घरून कामावर जाता-येताना झालेल्या अपघाताचाही त्यात स्पष्ट उल्लेख आहे.

हा सारा परका, विलायती विचार आहे असे कोणी समजू नये. जर्मनीत बिस्मार्कच्या राजवटीत अपघात विम्याचा कायदा झाला तो १८८४ साली. त्याच वर्षी सप्टेंबरात मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि पाच हजारांहून अधिक कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. साप्ताहिक सुट्टीची त्यातील मागणी सर्वांना ठाऊक आहे. रविवारची ती सुट्टी १८९० मध्ये मिळाली. परंतु त्याच निवेदनात अशीही मागणी होती की काम करताना इजा झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण वेतन मिळावे, आणि जन्माचा पांगळा झाला तर त्याच्या निर्वाहाची तरतूद व्हावी. कायदा होण्यास त्यानंतर एकोणचाळीस वर्षे लागली. आपण मराठी डॉक्टर दर रविवारी दवाखाना बंद ठेवतो. लोखंड्यांची दुसरी मागणी आपल्या केस पेपरवर अडलेली आहे.

मंडळाच्या कार्यकारिणीपुढे मी दोन सूचना ठेवतो. लिंबायत-डिंडोली भागातील आपल्या वार्षिक शिबिरात रक्तदाब-मधुमेहाच्या टेबलाशेजारी एक टेबल या कामासाठी असावे, आणि तेथे कामगार कायदा जाणणारा वकील बसावा. दुसरी, अपघाताचा इतिहास कसा लिहावा याचा मराठी-गुजराती एकपानी नमुना सभासदांना द्यावा. खर्च एका जाहिरातीच्या पानाइतकाही येणार नाही.

त्या मुलाचे पुढे काय झाले, असे वाचक विचारतील. मी संबंधित शल्यविशारदांना दूरध्वनी केला, ते सज्जन आहेत, पण "आता कार्ड कसे बदलू?" म्हणाले, आणि त्यांचेही खरेच होते. मी माझ्या कागदावर, आईने सांगितलेला वडिलांच्या अपघाताचा वृत्तांत तारखेनिशी लिहून दिला. त्याचे वजन पुराव्याच्या दृष्टीने किती, हे वकील सांगतील. मूल दोन वेळा तपासणीला आले, लस घेतली, आठ किलोच्या वर गेले. दिवाळीनंतर कुटुंब गावी परतले. दाव्याची दोन वर्षांची मुदत २०२५ च्या आरंभी संपली. पुरेसे कारण असल्यास आयुक्त विलंब माफ करू शकतात, हे मी त्यांना तेव्हा सांगितले नव्हते, कारण तेव्हा ते मलाच ठाऊक नव्हते.

आणि एक. आमच्या दवाखान्यातील आया, वॉर्डबॉय आणि सुया-सिरिंजांचा कचरा उचलणारी बाई यांचा विमा मी २०२४ मध्ये उतरवला. दवाखाना त्याआधी एकवीस वर्षे चालू होता.