पर्यायशब्दांचा प्रश्न : जपानी व्यापारी भाषेच्या निमित्ताने

भारतात जपानी भाषा शिकविली जाते ती बहुधा इंग्रजीच्या आधाराने. पाठ्यपुस्तकांतील अर्थ इंग्रजीत, हाताशी असलेले कोश इंग्रजीत, आणि भाषांतराचा सरावही पुष्कळदा इंग्रजीतच. पुण्यात जपानीचे अध्ययन मोठ्या प्रमाणावर चालते. तेथील मराठी विद्यार्थी व्यापारी पत्र लिहू लागला की मनातले मराठी वाक्य आधी इंग्रजीत नेतो आणि मग त्याला जपानी शब्द शोधतो. प्रत्येक शब्दाला एकच प्रतिशब्द असता तर ह्या वळशाने काही बिघडले नसते. पण जपानी व्यवहारभाषेत एकेका अर्थाला तीन-तीन, चार-चार शब्द आहेत, आणि त्यांतून निवड करण्यास लागणारी दृष्टी नेमकी ह्या वळशावर गळून पडते. ती दृष्टी, निदान तिचा मोठा भाग, मराठीजवळ आहे, असे मला म्हणावयाचे आहे. साहित्याच्या अभ्यासकांना व्यापारी पत्रे हा विषय हलका वाटत असल्यास त्यांनी आपल्याकडील जुन्या पत्रांचे मायने आठवावेत.

'कंपनी' हा साधा शब्द घेऊ. स्वतःच्या कंपनीला जपानी माणूस 'हेइशा' म्हणतो, 'तोशा' म्हणतो, प्रसंगी 'वागाशा'ही म्हणतो. समोरच्याच्या कंपनीचा उल्लेख तो बोलताना 'ओन्शा' असा करतो आणि पत्रात 'किशा' असे लिहितो. ह्या शेवटच्या भेदाचे कारण मोठे गमतीचे दिले जाते. 'किशा' ह्याच उच्चाराचे बातमीदार आणि आगगाडी असेही अर्थ होतात. कागदावर लिपीमुळे ते वेगळे दिसतात, कानाला मात्र कळत नाहीत. 'हेइशा'मधील पहिल्या अक्षराचा अर्थ जीर्ण, फाटके असा आहे. स्वतःच्या घराला गरीबखाना आणि दुसऱ्याच्या घराला दौलतखाना म्हणण्याची जी उर्दू रीत, तीच येथे गिरण्या-कारखान्यांना लागू झाली आहे.

ह्या शब्दांतील निवड नम्रतेच्या अंशावर ठरते, असे विद्यार्थ्यांना सांगितले जाते. ते अपुरे आहे. 'हेइशा' हा शब्द केवळ परक्यापुढे उच्चारावयाचा. कंपनीतल्या कंपनीत, आपल्याच सहकाऱ्यांसमोर तो चालत नाही. तेथे 'तोशा' किंवा 'वागाशा'. इंग्रजी जाणणाऱ्याला हा नियम पाठ करावा लागतो, कारण त्याच्या भाषेत ऐकणाऱ्याला धरून आणि ऐकणाऱ्याला वगळून असलेले बहुवचन एकच आहे. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' हा भेद लहान मूलही चुकत नाही. गुजराती, तेलुगू, तमिळ ह्या भाषांतही तो आहे. प्रमाण हिंदीत तो नाही. भावाशी बोलताना 'आमचे घर' म्हटले तर त्याला जे लागेल, तेच 'हेइशा' ऐकून सहकाऱ्याला खटकते. एवढे एक वाक्य वर्गात सांगितले तर नियमांचे पान वाचेल. (मराठी 'आपली कंपनी' ह्यात आपणा सर्वांची आणि आदरार्थी तुमची असे दोन्ही अर्थ येतात, ही अडचण आहे खरी, पण ती मराठी माणसाला ठाऊक असलेली अडचण आहे.)

मराठी सर्वत्रच वाट दाखवील, असे मात्र नाही. आपला आदर व्यक्तीला चिकटलेला असतो. 'साहेब बाहेर गेले आहेत' हे वाक्य आपण शिपायाला, ग्राहकाला, साहेबांच्या घरच्यांना, सर्वांना त्याच रूपात ऐकवितो. जपानीत बाहेरच्या माणसाने विचारणा केली की आपल्या अध्यक्षांचाही आदर काढून घ्यावा लागतो. 'तानाका बाहेर गेला आहे' असेच जवळजवळ म्हणावे लागते. कारण त्या क्षणी अध्यक्ष हे 'उची', म्हणजे आतले, आणि विचारणारा 'सोतो', म्हणजे बाहेरचा. येथे मराठी विद्यार्थ्याची जीभ अडखळते आणि ती का अडखळते हे इंग्रजी पुस्तक त्याला कधीही सांगणार नाही.

हा सारा शिष्टाचाराचा खेळ वाटत असेल तर क्षमायाचनेचे शब्द पाहावेत. मालात दोष निघाला, कोणाला इजा झाली, तर कंपनी निवेदन काढते. त्यात 'इकान' हा शब्द असेल, 'मोशिवाके नाइ' असेल किंवा 'ओवाबी' असेल. 'इकान' म्हणजे मनात राहून गेलेली खंत. जपानी शासन दुसऱ्या राष्ट्राच्या कृतीचा निषेध करतानाही हाच शब्द वापरते. म्हणजे दोष कोणाचा हे ह्या शब्दात मुळी नाहीच. 'मोशिवाके नाइ' ह्याचा मूळ अर्थ, समर्थनार्थ सांगण्याजोगे काही नाही. 'ओवाबी' ही सरळ माफी. मराठीत आपण खेद आणि दिलगिरी 'व्यक्त' करतो. माफी मात्र 'मागतो'. व्यक्त केलेल्या गोष्टीला उत्तर लागत नाही. मागितलेली गोष्ट नाकारण्याचा अधिकार समोरच्याला राहतो. क्रियापदातला हा फरक जपानी शब्दांच्या निवडीशी फार जवळून जुळतो. 'इकान'साठी 'माफी' लिहिणारा भाषांतरकार कंपनीने न दिलेली कबुली तिच्या नावावर मांडतो. 'ओवाबी'साठी 'खेद' लिहिणारा, ज्याचे नुकसान झाले त्याला मिळालेले काढून घेतो. ह्यातली दुसरी चूक मला अधिक गंभीर वाटते.

हे भेद अनादि आहेत असेही समजू नये. कळले, मान्य आहे, ह्या अर्थी 'र्‍योकाइ' हा शब्द वरिष्ठांपुढे वापरू नये, 'शोची' म्हणावे, हा दंडक व्यवहार-मार्गदर्शक पुस्तकांनी अलीकडेच रूढ केला आहे. आदरार्थी भाषेविषयी अधिकृत मार्गदर्शन १९५२ साली झाले आणि २००७ साली पुन्हा झाले; पूर्वी तीन मानलेले आदराचे प्रकार दुसऱ्या वेळी पाच झाले. कोशकाराला अशा हलत्या जमिनीवर काम करावे लागते.

म्हणून भारतीय भाषांच्या विभागांनी व्यापारी जपानीकडे पाठ फिरवून ती खासगी शिकवणीवर्गांच्या हाती सोडणे मला मान्य नाही. आपल्याला जपानी-मराठी असा कोश हवा, आणि तो इंग्रजी कोशाचे रूपांतर नसावा. 'हेइशा'पुढे 'आमची (आपली नव्हे) कंपनी. केवळ परक्याशी बोलताना' असे त्यात असावे. 'इकान'पुढे 'खेद' द्यावा, आणि त्याच नोंदीत 'माफी' ह्या शब्दावर स्पष्ट फुली मारावी.