बोट भाड्याची, शब्द कप्तानाचा

जुलै-ऑगस्टमधल्या कोणत्याही शनिवारी क्रोएशियातल्या स्प्लिट किंवा त्रोगीरच्या धक्क्यावर सकाळी नऊच्या सुमारास एकच धांदल उडालेली असते. आठवडाभर समुद्रावर राहिलेली मंडळी बॅगा ओढत उतरतात आणि संध्याकाळी पाचच्या आसपास त्याच बोटींवर नवी मंडळी चढतात. मधल्या आठ तासांत चादरी बदलायच्या, बाथरूम घासायची, पाण्याच्या टाक्या भरायच्या, आठ माणसांचा किराणा आणून फळीफळीत बसवायचा. आठ-दहा पाहुण्यांच्या कॅटामरानवर या सगळ्याची जबाबदारी बहुतेक वेळा दोनच माणसांवर असते. एक कप्तान आणि दुसरी होस्टेस, जी स्वयंपाकही करते.

माहितीपत्रकात ही दोघं शेवटच्या पानावर, हसऱ्या फोटोत दिसतात. आधीची सगळी पानं डेकवरच्या गाद्या, पॅडलबोर्ड आणि बर्फ घातलेल्या ग्लासांची. ‘तुमची बोट, तुमचा समुद्र, तुमचं वेळापत्रक’ असा एकूण सूर. यातलं तिसरं आश्वासन खोटं आहे आणि या सुट्टीतली बहुतेक भांडणं त्यातूनच उगवतात. पाहुणा हजारो युरो मोजतो ते खरं तर गादीचे नसून कप्तानाच्या अकलेचे असतात. आणि मग सात दिवस तीच अक्कल मोडीत काढायच्या मागे लागतो.

कॅटामरान म्हणजे शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन अरुंद नावा आणि त्यांना जोडणारा रुंद डेक. चार्टरच्या धंद्यात खूप दिसणारं ‘लगून ४५०’ हे मॉडेल घेतलं तर लांबी जेमतेम १४ मीटर, पण रुंदी ७.८४ मीटर. तेवढ्याच लांबीची एकाच नावेची शिडाची बोट रुंदीला साडेचार मीटरच्या आसपास भरते. या रुंदीमुळे बोट कलत नाही. टेबलावरची कॉफी सांडत नाही, आजोबा निवांत बसतात, पोरं पुढच्या जाळीवर लोळतात. कुटुंबांना ती आवडते ती यासाठी.

पण न कलण्याला दुसरीही बाजू आहे. एका नावेची बोट वारा वाढला की झुकते, त्यामुळे शिडं कमी करायची वेळ झाली हे नवख्यालाही कळतं. कॅटामरान असा इशारा जवळजवळ देतच नाही. शिडावरचा, डोलकाठीवरचा ताण वाढत जातो आणि वर डेक तसाच सपाट. म्हणून तिच्या कप्तानाला वाऱ्याच्या काट्यावर नजर ठेवावी लागते आणि किती नॉट वाऱ्याला किती शीड आवळायचं, हे बोट बांधणाऱ्यांनी दिलेल्या तक्त्याप्रमाणे करावं लागतं. शिवाय ही बोट एकदा पालथी झाली की आपण होऊन सरळ होत नाही. म्हणजे पाहुणे ‘काय मस्त वारा सुटलाय’ म्हणत असतात, तेव्हा सुकाणूवरचा माणूस मनातल्या मनात आकडेमोड करत असतो.

क्रोएशियाच्या या दाल्मेशिया किनाऱ्यावर आकडेमोडीला विषयही भरपूर. उन्हाळ्यात दुपारी वायव्येकडून येणारा ‘माएस्त्राल’ हा सज्जन वारा. त्याच्यावर शिडं उभारायची आणि पुढच्या बेटावर पोचायचं. ‘बुरा’ मात्र किनाऱ्यालगतच्या डोंगरांवरून अचानक खाली कोसळतो. हिवाळ्यात त्याचे झोत ताशी २०० किलोमीटरच्या वर गेलेले आहेत. उन्हाळ्यात तो थोडक्यात आटोपतो, पण येतो तेव्हा ढिला पडलेला नांगर सोडत नाही. तिसरा आग्नेयेचा ‘युगो’. दमट, उबदार, दिवसेंदिवस लाटा उंच करत जाणारा. जुन्या दुब्रोव्हनिक प्रजासत्ताकात युगो वाहत असताना महत्त्वाचे निर्णय घेत नसत असं सांगतात. खरं-खोटं काही असो, युगोत चिडचिडलेले पाहुणे बघितलेल्या कुठल्याही कप्तानाला ते पटेल.

आता या वाऱ्यांसमोर ‘मंगळवार: निळी गुहा’ असं छापलेलं वेळापत्रक ठेवून बघा. ही गुहा व्हिस बेटाशेजारच्या बिशेव्होवर आहे. सकाळी उशिरा, उन्हाचे किरण पाण्याखालच्या भोकातून आत शिरतात आणि सगळी गुहा निळी उजळते. माणसांना आत जायला १८८४ मध्ये खडक फोडून वाट केली, तीही दीडेक मीटर उंचीची. छोट्या होडीत बसून डोकं खाली घालावं लागतं. युगोच्या लाटा आल्या की हे तोंड बंद. त्या दिवशी जगातला कितीही भारी कप्तान कोणाला आत नेऊ शकत नाही. समंजस माणूस आदल्या संध्याकाळीच सांगतो की गुहा सोडा, आपण ह्वार बेटावरच्या स्तारी ग्रादच्या खोल खाडीत जाऊ, तिथे युगोपासून आडोसा आहे. गावामागे द्राक्षं आणि ऑलिव्हचं एक सपाट मैदान आहे. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात पारोसहून आलेल्या ग्रीक वसाहतकारांनी त्याचे वाफे आखले, ते दगडी बांध आजही शेतांच्या हद्दी दाखवतात. २००८ पासून ते युनेस्कोच्या यादीत आहे. गुहेसाठीच्या रांगेत तासन् तास ताटकळण्यापेक्षा सायकलवरून त्या बांधांमधून फिरणं कितीतरी चांगलं. पण इन्स्टाग्रामला निळी गुहाच हवी असते.

नांगराचंही तेच. पाहुण्याला किनाऱ्याच्या अगदी जवळ, पाणी नितळ दिसतं तिथे थांबायचं असतं. कप्तान पाण्याचा रंग बघतो. फिकट पट्टा म्हणजे वाळू, काळसर डाग म्हणजे बहुधा पोसिडोनिया गवत. गवतात नांगर नीट रुतत नाही आणि उचलताना मुळासकट गवत उपटतो. हे गवत वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर पसरतं, म्हणजे एका उन्हाळ्यात खरवडलेला पट्टा भरून यायला कित्येक दशकं लागतात. स्पेनच्या बलेआरिक बेटांनी २०१८ मध्ये या गवतावर नांगर टाकायला कायद्याने मनाई केली. फ्रान्सनेही मोठ्या यॉटवर अशीच बंधनं आणली. क्रोएशियातल्या कितीतरी खाड्यांमध्ये मात्र आजही सगळा भार ‘जरा तिकडे घेऊ या’ असं कप्तानाने म्हणण्यावर आणि पाहुण्याने ते ऐकण्यावर आहे.

हा कप्तान झोपतो कुठे, हेही एकदा बघायला हवं. कितीतरी कॅटामरानवर कर्मचाऱ्यांची जागा नावेच्या अगदी पुढच्या निमुळत्या टोकात असते. डेकवरचं झाकण उघडायचं, शिडीने सरळ खाली उतरायचं; आत एक अरुंद पलंग, पायाकडे आणखी चिंचोळा होत गेलेला. कुठे तिथेच शौचकूपही. पाऊस आला की झाकण लावायचं आणि उकाडा सोसायचा. रात्री वारा फिरला की याच भोकातून वर येऊन कप्तान नांगराची साखळी तपासतो आणि सकाळी सातला पाव आणायला गावात जातो. पाहुणे दहाला उठतात. वर काही जण विचारतात की, दिवसभर तुम्हाला काम तरी काय असतं?

बिलाबद्दल एजंटांनी जास्त सरळ बोलायला हवं. समजा जाहिरातीत आठवड्याचं भाडं १५,००० युरो आहे. त्यावर क्रोएशियाचा १३ टक्के व्हॅट म्हणजे १,९५०. जेवण, इंधन, बंदराचे शुल्क यासाठी आगाऊ ठेवायची रक्कम, जिला या धंद्यात ‘एपीए’ म्हणतात, ती ३० टक्के धरली तर ४,५००. दहा टक्के बक्षिसी १,५००. बेरीज २२,९५०, आठ जणांत माणशी २,८७० च्या आसपास, विमानभाडं वेगळं. एपीएतले उरलेले पैसे परत मिळतात हे खरं, पण कॅटामरानला मरीनात एका नावेच्या बोटीपेक्षा बरंच जास्त भाडं पडतं, त्यामुळे रोज रात्री ह्वारच्या झगमगाटात राहायचं म्हटलं तर फारसं काही उरत नाही. कप्तानाच्या मर्जीने खाडीत नांगर टाकला की रात्र बऱ्याचदा फुकटात पडते. काही ठिकाणी किनाऱ्यावरची खानावळ, तिथली ‘कोनोबा’, जेवायला येणाऱ्यांना आपला बोया विनामूल्य देते.

मराठी मंडळींना या प्रकारात दोन गोष्टी जड जातात. पहिली, जेवण. बुकिंगनंतर येणारा आवडीनिवडीचा फॉर्म बरेच जण ‘शाकाहारी’ एवढाच शब्द टाकून परत पाठवतात. व्हिस बेटावरची पोगाचा दिसते साध्या भरलेल्या पावासारखी, पण आत अँचोव्ही मासे असतात. अंडं चालतं का, कांदा-लसूण चालतो का, हे सगळं लिहून द्यावं. होस्टेस खरेदी शनिवारीच करते आणि बेटावरच्या दुकानात नंतर पनीर मिळत नाही.

दुसरी आणि मोठी अडचण सवयीची. ग्रुप टूरने ठिकाणं मोजायची सवय लागलेला माणूस बोटीवरही यादी घेऊन चढतो. कोकणातल्या मचव्यावर तांडेल ‘आज नाय’ म्हणाला की खलाशी वाद घालत बसत नाहीत. पैसे भरून बोटीवर आलेल्याला मात्र तो नकार म्हणजे सेवेतली त्रुटी वाटते. भूमध्य समुद्रात सर्रास वापरला जाणारा ‘मायबा’ या यॉट-दलालांच्या संघटनेचा करारनामा इथे अगदी स्पष्ट आहे. बोट असुरक्षित ठिकाणी न्यावी लागेल असा पाहुण्याचा हुकूम पाळायला कप्तान बांधील नाही.

तेव्हा बुकिंग करताना गाद्यांचे फोटो कमी बघावेत आणि एजंटाला चार गोष्टी विचाराव्यात. कप्तान या किनाऱ्यावर किती उन्हाळे राहिलाय, होस्टेसला स्वतंत्र केबिन आहे का, युगो आला तर दुसरा बेत काय, आणि जूनमध्ये किंवा सप्टेंबरमध्ये हीच बोट किती कमी भाड्यात मिळेल. बेतात मॉन्टेनेग्रोचं कोटोर असेल तर आणखी एक. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे, मॉन्टेनेग्रो नाही. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असलेला भारतीय पासपोर्टधारक कोटोरला गेला की त्याच बोटीने स्प्लिटला परत येऊ शकत नाही.