मानक कागदावर, क्रोमियम भूजलात

पिण्याच्या पाण्यात क्रोमियम लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅमहून अधिक असता कामा नये आणि दुसरा स्रोत उपलब्ध नसला तरी ही मर्यादा शिथिल होणार नाही, असे भारतीय मानक ब्युरोचे ‘आयएस १०५००’ हे मानक बजावते. भाषा ठाम आहे. पण महापालिकांवर ते पाळण्याचे कायदेशीर बंधन नाही. २०१९ मध्ये तत्कालीन ग्राहक व्यवहारमंत्री रामविलास पासवान यांनी नळपाण्याच्या तपासणीचे निष्कर्ष जाहीर केले. मुंबईचे सर्व नमुने उत्तीर्ण, दिल्लीचे सर्व अकरा नापास. राजधानीत यथास्थित राजकीय धुळवड झाली, मानक सक्तीचे करण्याचा मुद्दा मात्र मागे पडला.

क्रोमियमचे षट्संयुजी रूप घातक आणि विद्राव्य असते. मर्यादेच्या आसपास ते चवीला वा डोळ्याला कळत नाही, पाणी उकळूनही जात नाही. म्हैसूर शहराला कावेरी आणि कबिनीचे पाणी मिळते. नदी वाहते, मिसळते. भूजलाला ती सोय नाही. त्यामुळे कुवेंपुनगरसारख्या वसाहतीत नळापेक्षा कूपनलिकेची चिंता अधिक करावयास हवी. दिल्लीच्या कडेच्या वस्त्यांत टँकर आणि कूपनलिकेवर जगणाऱ्यांना तर पर्यायच नसतो.

हे विष किती चिवट असते, ते तामिळनाडूतील राणीपेठ सांगते. तेथील ‘तामिळनाडू क्रोमेट्स अँड केमिकल्स’ हा कारखाना १९९५ च्या सुमारास बंद पडला. मागे क्रोमियमयुक्त गाळाचा दोन लाख टनांच्या घरातील ढीग राहिला. मालक गेले, कामगार पांगले, पाऊस मात्र दरवर्षी त्या ढिगातून खाली झिरपत राहिला. कानपूर देहातातील रानियाची कहाणीही याच जातीची.

अशा वेळी संसदेने काय केले? फेब्रुवारी २०२४ मध्ये १९७४ च्या जल प्रदूषण प्रतिबंध कायद्यात दुरुस्ती झाली. प्रवाहात वा विहिरीत विषारी द्रव्य सोडणाऱ्यास पूर्वी किमान दीड वर्षाचा कारावास होता. त्याजागी दहा हजार ते पंधरा लाख रुपयांचा दंड आला. जुन्या तरतुदीत शिक्षा क्वचितच होत असे, हा समर्थकांचा युक्तिवाद खोटा नाही. परंतु चोर सापडत नाही म्हणून चोरीची शिक्षा सौम्य करणे, हे अजब शास्त्र झाले. दोन लाख टनांच्या ढिगापुढे पंधरा लाख म्हणजे किरकोळ खर्च!

पाणी हा राज्यांचा विषय असल्याने ही दुरुस्ती प्रारंभी हिमाचल प्रदेश, राजस्थान आणि केंद्रशासित प्रदेशांपुरतीच होती. अन्य राज्यांनी ती ठरावाने स्वीकारावयाची आहे. विधिमंडळांना विचार करण्याची संधी तेथे आहे. आणि शहरी पाणीयोजनांना केंद्र जो निधी देते, त्याला प्रभागनिहाय जड धातूंचा अहवाल दरवर्षी प्रसिद्ध करण्याची अट जोडावयास ना घटनादुरुस्ती लागते, ना राज्यांचा ठराव.