आधी आवाज ऐका, मग पाना उचला

मराठीच्या भवितव्याची चर्चा आपण गोवेकर हिरीरीने करतो. १९८७ च्या राजभाषा कायद्यापासून तर तिला खंड नाही. या चर्चेत साहित्य येते, शाळा येते, सरकारी कागद येतो. गॅरेज मात्र कधी येत नाही! माझे मत असे की, भाषेचा खरा कस पाहायचा तर तो बिघडलेल्या गाडीखाली पाहावा.

हे मला पटले ते मध्य प्रदेशात. पांढुर्णा आणि सौसर हा सीमेपलीकडचा मराठी मुलूख. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला. त्यातून २०२३ साली पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला, सौसरही त्यातच. कचेरीची भाषा हिंदी, घरातली मराठी. भाग संत्र्यांचा, त्यामुळे मोसमात रस्त्यावर जिकडेतिकडे भरलेल्या पिकअप गाड्या.

अशीच एक पिकअप रस्त्याकडेच्या गॅरेजात आली. मी तिथेच बाकावर बसलो होतो. चालक म्हणाला, गाडी आवाज करते. दुसरीकडे त्याला सांगितले होते की मागचे हौसिंग उघडावे लागेल, खर्च मोठा आहे. बिचारा धास्तावला होता. मिस्त्रीने पान्याला हातही लावला नाही. म्हणाला, "भाऊ, आवाज येते हे समजलं. कसा येऊन राहिला ते सांगा. खडखड, का टक्क, का घूंऽऽ? भरल्या गाडीत येते का खालीतबी?"

वाचकहो, या दोन प्रश्नांत अर्धी दुरुस्ती झाली! कारण यातला प्रत्येक शब्द गाडीच्या वेगळ्या भागाकडे बोट दाखवतो. अ‍ॅक्सिलरेटर दाबला-सोडला की बदलणारी घूंऽऽ बहुधा हौसिंगमधल्या क्राऊन-पिनियनची. वळणावर कमी-जास्त होणारी घरघर चाकाच्या बेअरिंगची. क्लच दाबल्यावरच येणारी किरकिर क्लचच्या बेअरिंगची. आणि गाडी उचलताना, किंवा रिव्हर्स टाकताना, एकदाच येणारी टक्क? ती बहुतेक वेळा प्रोपेलर शाफ्टच्या जॉइंटची.

चालकाचे उत्तर होते, "टक्क. अन् भरल्या गाडीतच."

भरल्या गाडीत का? वजनाने मागचे पाटे दबतात, मागचा धुरा आणि गाडीची चौकट जवळ येतात आणि शाफ्टचा कोन बदलतो. शिवाय ओझे ओढताना जोरही जास्त लागतो. रिकामी गाडी गॅरेजात आणली की आवाज गायब, आणि चालक खोटा ठरतो!

मग मिस्त्री गाडीखाली शिरला. चाकांना दगड लावले, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवली आणि शाफ्ट हाताने पिळून पाहिला. जॉइंटमध्ये खेळ होता. टोपणाभोवती गंजाची लाल भुकटी जमली होती. जॉइंटच्या क्रॉसला चार टोके, प्रत्येक टोकाला टोपण, टोपणात सुईसारखे बारीक रूळ. ग्रीस संपले की हे रूळ कोरडे पडून झिजतात. शाफ्ट काढण्यापूर्वी त्याने दोन्ही बाजूंना खुणा केल्या. ही खूण फार मोलाची. कोनात फिरणारा एकटा जॉइंट सारख्या गतीने फिरत नाही. एकाची चूक दुसऱ्या टोकाचा जॉइंट भरून काढतो. जोडताना शाफ्टचे दोन भाग चुकीच्या जागी बसले तर नवा क्रॉस घालूनही गाडी थरथरते. क्रॉस बदलला, चारही टोपणांतून ग्रीस डोकावेपर्यंत भरले, आणि काम संपले. हौसिंगला कुणी हात लावला नाही.

दुर्लक्ष केले असते तर? झिजलेला जॉइंट तुटला की शाफ्ट रस्त्यावर पडतो. पुढचे टोक रुतले तर भरलेली गाडी उलटूही शकते. म्हणजे त्या एका 'टक्क'ला चालकाच्या जिवाचीही किंमत होती.

कुणी म्हणेल, आता संगणक जोडून बिघाड शोधतात. हे शब्द हवेत कशाला? पण तो संगणक इंजिनाच्या विजेच्या यंत्रणेतले दोष वाचतो. कोरडा पडलेला क्रॉस त्याला कळत नाही. तो कानालाच कळतो, आणि कानाला कळलेले दुसऱ्याला सांगायला शब्दच लागतो.

खडखड, खुळखुळ, करकर, घरघर, भणभण हे शब्द आपण बालगीतांपुरते ठेवले आहेत. वास्तविक ते कामाचे शब्द आहेत. फोंड्या-म्हापशाच्या गॅरेजात शिकणारा मुलगा पुस्तकातले इंग्रजी नाव पाठ करील, जरूर करावे. पण गिऱ्हाईक येणार ते आवाज घेऊन, नाव घेऊन नव्हे. तेव्हा शिकवणाऱ्यांनी पहिला धडा हाच द्यावा: आवाज ऐक, त्याला आपल्या भाषेत नाव दे, मगच बोल्ट सोड. कचेरीत मराठीला जागा मिळो न मिळो, ही जागा तिच्याकडून कुणी काढून घेतलेली नाही. आपणच ती सोडू नये.