डब्याला ज्येष्ठता नसते: जळगाव जंक्शन आणि विमानकंपन्यांचे विलीनीकरण

#धागा #इतिहास #खानदेश

१२ नोव्हेंबर २०२४ रोजी विस्तारा ही विमानकंपनी एअर इंडियात विलीन झाली. प्रवाशाच्या तिकिटावर बदल दिसला तो एवढाच, की ‘यूके’ ही अक्षरे जाऊन ‘एआय’ आली आणि जुन्या उड्डाणक्रमांकाच्या आरंभी २ हा अंक लागला. कंपनी एक झाली, वेळापत्रक एक झाले, तरी हे विमान मूळचे दुसऱ्या घरातले आहे, ही खूण तो अंक सांगत राहिला.

हा अंक मला विलीनीकरणाच्या घोषणेहून अधिक बोलका वाटतो. दोन कंपन्या एकत्र येतात तेव्हा आधी नावे एक होतात, मग वेळापत्रके, मग विमाने आणि सर्वांत शेवटी माणसे. आपल्याकडचे मोठे अपयश या क्रमातूनच घडले, असे माझे मत आहे. ते मांडण्यासाठी आरंभ विमानतळापासून न करता जळगावच्या रेल्वे स्थानकापासून करतो, कारण एकत्र न येताही वाहने कशी वाटून घेता येतात याचा धडा खानदेशात शंभर वर्षांपूर्वीच गिरवला गेला होता.

मुंबईहून चाळीसगाव, पाचोरामार्गे जळगाव-भुसावळकडे जाणारा लोहमार्ग ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचा, १८६० च्या दशकातला. सुरतेहून तापीच्या खोऱ्यातून नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर करीत येणारा मार्ग १९०० च्या सुमाराचा. टॅप्टी व्हॅली रेल्वे या नावाने तो ओळखला जाई आणि त्यावरील गाड्या बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया कंपनी चालवीत असे. एकीचा कारभार बोरीबंदरातून चाले, दुसरीचा चर्चगेटहून. धुळे शहराला चाळीसगावहून फाटा मिळाला, म्हणून ते पहिलीच्या वाट्याला गेले. त्याच जिल्ह्यातले दोंडाईचा आणि शिंदखेडा दुसरीच्या.

५ नोव्हेंबर १९५१ रोजी, एकाच दिवशी, मध्य रेल्वे आणि पश्चिम रेल्वे जन्माला आल्या. ‘जीआयपी’मध्ये निजाम, शिंदे आणि धोलपूर संस्थानांच्या रेल्वे मिसळल्या, ‘बीबी अँड सीआय’मध्ये सौराष्ट्र, राजपुताना आणि जयपूरच्या. दोन्हींचा मालक एकच, भारत सरकार. तरीही खानदेशातली जुनी सीमा कोणी पुसली नाही. आजही जळगाव स्थानक मध्य रेल्वेचे आणि तेथून सुरतेकडे फुटणारा मार्ग पश्चिम रेल्वेचा. आमच्याकडच्या कित्येकांना ही गोष्ट केवळ रेल्वेभरतीच्या जाहिरातीमुळे ठाऊक असते!

मग कंपनीकाळात खानदेशचा कापूस सीमा ओलांडून कसा जाई? प्रत्येक जंक्शनवर गाठी उतरवून पुन्हा चढवणे परवडणारे नव्हते. त्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी उभ्या राहिलेल्या इंडियन रेल्वे कॉन्फरन्स असोसिएशनने डब्यांच्या देवघेवीचे नियम ठरवले. एका कंपनीचा डबा दुसरीच्या रुळांवर गेला की त्याचे भाडे आकारायचे, मोडतोड झाली तर खर्च कोणाचा ते ठरलेले, आणि पुढे तर मालडब्यांचा सामाईक साठाच निर्माण झाला. डब्यावरची मालकीची अक्षरे तशीच राहिली, डबे मात्र देशभर हिंडू लागले.

हिंडले ते डबे. ड्रायव्हर, गार्ड, स्टेशनमास्तर यांची नोकरी, बढती आणि निवृत्तिवेतन ज्याच्या त्याच्या कंपनीत राहिले. ड्रायव्हरला मार्गाची ओळख लागते. कोणता चढ कुठे, कोणता सिग्नल वळणामागे, हे त्याच मार्गावर फिरून शिकावे लागते. त्यामुळे सीमेवर गाडीचा ताबा कोण कोणाकडे देणार हे आधीच ठरवावे लागे. ते ठरलेले असे, म्हणून वाहने वाटून घेतली तरी माणसांत तंटा होत नसे. डब्याला ज्येष्ठता नसते.

विमानाला मात्र एका अर्थी ती असते. हे समजण्यासाठी विलीनीकरणाची यंत्रणा थोडी उलगडावी लागेल.

वेळापत्रके जुळवणे हे किचकट काम आहे, पण ते अखेर गणित आहे. दोन्ही कंपन्यांची सकाळी सातची मुंबई-दिल्ली उड्डाणे असतील तर एक नऊला सरकवायचे; मुंबईसारख्या गर्दीच्या विमानतळावर उतरण्या-उडण्याच्या ठरलेल्या वेळा हातच्या जाऊ द्यायच्या नाहीत; एकेका विमानाची दिवसभराची साखळी अशी ओवायची की रात्री ते देखभालीच्या ठिकाणी पोहोचेल. चालकवर्गाच्या विश्रांतीचे तास त्यातच बसवायचे. संगणक हे करतो.

त्यापुढची पायरी विमानांची. प्रत्येक विमान कोणत्या तरी कंपनीच्या उड्डाण-परवान्यावर नोंदलेले असते आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या संमतीने ते दुसऱ्या परवान्यावर आणावे लागते. वैमानिकाच्या अनुज्ञप्तीवरही विमानाचा प्रकार लिहिलेला असतो. एअरबस ए-३२० चालवणारा दुसऱ्या दिवशी बोइंग ७७७ मध्ये बसू शकत नाही. त्याला नवे प्रशिक्षण, सिम्युलेटर, परीक्षा असे सगळे करावे लागते. यात महिने जातात, पैसा जातो, पण वाट ठाऊक असते.

यानंतरचा प्रश्न असा की त्या प्रशिक्षणाला पाठवायचे कोणाला? वैमानिकाचा हुद्दा, पगार, मार्ग, सुट्टीची निवड हे सारे ज्येष्ठता यादीतल्या त्याच्या क्रमांकावर अवलंबून असते. सहवैमानिक कॅप्टन केव्हा होणार आणि लहान विमानावरून मोठ्यावर केव्हा जाणार, हे ती यादी सांगते. दोन याद्या एकत्र करताना नोकरीत रुजू झाल्याची तारीख धरावी की कॅप्टन झाल्याची? जिथे बढती लवकर मिळत होती ते दुसरीचा आग्रह धरणार. जिथे रांग लांब होती ते पहिलीचा. दोघांचेही म्हणणे न्याय्य असते, ही यातली खरी अडचण आहे.

१ ऑगस्ट १९५३ रोजी हवाई महामंडळ कायद्यानुसार आठ कंपन्यांची देशांतर्गत सेवा एकवटून इंडियन एअरलाइन्स कॉर्पोरेशन उभे राहिले. मुंबईची एअर सर्व्हिसेस ऑफ इंडिया आणि हैदराबादची डेक्कन एअरवेज त्यांतल्याच. वारशाने आलेल्या ९९ विमानांपैकी ७४ डाकोटा होती, म्हणजे एका कंपनीच्या वैमानिकाला दुसरीचे विमान परके नव्हते. शिवाय कायद्याने परदेशी उड्डाणांसाठी एअर इंडिया इंटरनॅशनल हे वेगळे महामंडळ ठेवले. देशातल्या वैमानिकाने परदेशी मार्गावरच्या मोठ्या विमानावर हक्क सांगण्याचा प्रश्न उद्भवला नाही. ही जळगावसारखीच एक सीमा होती.

ती सीमा २००७ साली पुसली गेली. एअर इंडियाकडे बोइंग, इंडियन एअरलाइन्सकडे एअरबस. दोघींनी मिळून १११ नवी विमाने मागवलेली, त्यांत २७ ड्रीमलायनर. ऑगस्टमध्ये दोन्ही मिळून नॅशनल एव्हिएशन कंपनी ऑफ इंडिया झाली. उड्डाणांवरची ‘आयसी’ ही इंडियन एअरलाइन्सची अक्षरे जायला फेब्रुवारी २०११ उजाडला. त्यानंतर दोन महिन्यांतच जुन्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी समान वेतनासाठी संप केला; तो दहा दिवस चालला. मनुष्यबळाच्या एकत्रीकरणासाठी न्यायमूर्ती धर्माधिकारी समिती नेमली गेली तीही २०११ मध्येच. लग्नानंतर चार वर्षांनी पत्रिका जुळवायला बसण्यासारखेच हे.

समितीचा अहवाल जानेवारी २०१२ मध्ये आला. मे महिन्यात दुसऱ्या बाजूचे, मूळ एअर इंडियाचे वैमानिक संपावर गेले. तक्रार अशी की ड्रीमलायनरच्या प्रशिक्षणाला इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनाही का पाठवता? हा संप ५८ दिवस चालला. पहिले ड्रीमलायनर सप्टेंबरमध्ये भारतात उतरले, म्हणजे भांडण झाले ते अजून न आलेल्या विमानावरून.

त्या काळच्या बातम्यांत वैमानिकांना लोभी म्हणणारा सूर बराच होता. मला तो अन्यायाचा वाटतो. ज्याने पंधरा वर्षे एका रांगेत काढली, त्याला रांगच बदलली असे सांगितले तर तो विचारणारच. कंपनी बुडाली ती कर्जाने, संपाने नव्हे, असे कोणी म्हणेल. कर्जाचे ओझे मोठे होते, हे मान्यच. पण कर्ज काढून आणलेली विमाने कोणी उडवायची हे ठरलेले नसेल, तर ती कर्ज फेडणार कशी?

हा केवळ भारतीय ढिसाळपणा नव्हे. अमेरिकेत यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट २००५ मध्ये एकत्र आल्या. जॉर्ज निकोलाऊ या लवादाने २००७ मध्ये संयुक्त ज्येष्ठता यादी दिली. यूएस एअरवेजच्या वैमानिकांनी ती नाकारली. परिणामी एकाच नावाच्या कंपनीत ‘पूर्व’ आणि ‘पश्चिम’ असे दोन गट पुढची कित्येक वर्षे आपापल्या विमानांवर वेगवेगळे उडत राहिले. याद्या न्याय्य रीतीने जोडाव्यात, वाद झाल्यास लवादाकडे जावे, असा कायदा अमेरिकेने २००७ च्या डिसेंबरात केला. आपल्याकडे त्या तोडीचा कायदा नाही आणि तो असावा, असे मला ठामपणे वाटते.

विस्ताराच्या वेळी आपण काही शिकलो होतो का? थोडेफार. पण एप्रिल २०२४ मध्ये, विलीनीकरणाच्या सात महिने आधीच, नव्या वेतनरचनेवरून विस्ताराचे वैमानिक मोठ्या संख्येने रजेवर गेले आणि कंपनीला रोजची पंचवीस-तीस उड्डाणे कमी करावी लागली.

आता कोणी विचारील, यात खानदेशचे काय? आपल्याकडे दोन गोष्टी आहेत. जळगावच्या विमानतळाचे उद्घाटन २३ मार्च २०१२ रोजी राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते झाले, म्हणजे ५८ दिवसांच्या संपाच्या सहा-सात आठवडे आधी. नियमित सेवेला मात्र २०१७ चा डिसेंबर उजाडला आणि नंतरही ती सुरू-बंद होत राहिली. २०२४ मध्ये जळगाव-मुंबई उड्डाण सुरू केले ते अलायन्स एअरने. ही कंपनी १९९६ मध्ये इंडियन एअरलाइन्सची उपकंपनी म्हणून निघाली आणि जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटांकडे गेली तेव्हा सरकारकडेच राहिली. २००७ च्या त्या घोळातला एक वेगळा राहिलेला तुकडा आपल्या धावपट्टीवर उतरला, असे म्हणायला हरकत नाही. विमाने किंवा चालकवर्ग कमी पडला की साखळीतली लहान गावेच आधी गळतात, हे जळगावकरांना वेगळे सांगायला नको.

दुसरी गोष्ट धुळे जिल्ह्याची. धुळ्याजवळ गोंदूरला आणि तिकडे शिरपूरला वैमानिक घडवणाऱ्या संस्था आहेत. तिथली मुले-मुली दोनशे तासांचे उड्डाण करून परवाना मिळवतात, घरच्यांनी त्यासाठी शेत गहाण टाकलेले असू शकते, आणि मग एखाद्या कंपनीच्या यादीत शेवटच्या क्रमांकावर रुजू होतात. त्या कंपनीचे उद्या विलीनीकरण झाले तर तो क्रमांक कोणत्या नियमाने बदलेल, हे रुजू होतानाच्या करारपत्रात लिहिलेले आहे का, ते आधी वाचून घ्यावे. लिहिलेले नसेल तर सही करण्यापूर्वी विचारावे.