गल्लीतला कुत्रा आणि आपली जबाबदारी

अंबरनाथ पूर्वेला पहाटे फज्रच्या नमाजला किंवा पहिली लोकल पकडायला निघालेल्या माणसाचे पाय वळणावर थबकतात. तिथे कुत्र्यांची टोळी बसलेली असते. आयाही मदरशाला जाणाऱ्या मुलांना जपून जायला सांगतात. ही भीती खोटी नाही. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही.

पण दगड मारून ही भीती कमी होत नाही. ती कमी होते प्राण्यांसाठी झटणाऱ्या संस्थांच्या कामामुळे. त्या कामाची माहिती प्रत्येक घरात असावी, असे आम्हाला वाटते.

जखमी जनावरांवर उपचार हे या संस्थांचे सर्वांना दिसणारे काम. परळचे ‘बैलघोडा’ रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून ते करीत आहे. तितकेच मोठे काम म्हणजे भटक्या कुत्र्यांची नसबंदी व लसीकरण. 2023 च्या केंद्रीय नियमांनुसार ही जबाबदारी नगरपरिषदेसारख्या स्थानिक संस्थेची असून, मान्यताप्राप्त प्राणी कल्याण संस्थांमार्फत ती पार पाडता येते. कुत्रा पकडून त्याच्यावर शस्त्रक्रिया करतात, रेबीजची लस देतात, ओळखीसाठी कानाला खाच पाडतात आणि पकडला तिथेच परत सोडतात.

‘परत का सोडता?’ असा राग अनेकांना येतो. कारण साधे आहे. उकिरडा तसाच राहिला तर रिकाम्या जागेत दुसरे, लस न घेतलेले कुत्रे येतात. सर्वोच्च न्यायालयानेही 22 ऑगस्ट 2025 रोजी, रेबीज झालेले व हिंस्र कुत्रे वगळता इतरांना लसीकरणानंतर मूळ जागी सोडण्यास सांगितले. मात्र त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालये, बस व रेल्वे स्थानके यांच्या आवारातील कुत्रे तिथे परत न सोडण्याचा आदेश दिला. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते सुमारे 70 टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर रेबीजची साखळी तुटते. म्हणजे चार कुत्र्यांना लस देऊन भागत नाही. संस्थेची गाडी आली की साऱ्या मोहल्ल्याने साथ द्यायला हवी.

आमच्या काही भगिनी विचारतात, कुत्रा तर नापाक, मग त्याच्याशी आपला काय संबंध? कोकणी मुस्लिमांमध्ये बहुसंख्य असलेल्या शाफई पंथात कुत्र्याच्या लाळेबाबतचे नियम कडक आहेत, हे खरे. भांडे सात वेळा, त्यात एकदा मातीने, धुवायचे. पण जी नापाकी धुता येते ती क्रौर्याची परवानगी ठरत नाही. तहानलेल्या कुत्र्याला विहिरीतून पाणी काढून पाजणाऱ्याला अल्लाहने माफ केले, ही हदीस आपण मुलांना सांगतोच. दाराबाहेर पाण्याचे मातीचे भांडे ठेवायला कोणत्याही पंथाची आडकाठी नाही.

घरच्या घरी आणखी काही करता येईल. उरलेली बिर्याणी, कोंबडीच्या दुकानातली घाण किंवा कुर्बानीनंतरचे अवशेष नाल्यात वा कोपऱ्यावर न टाकता पालिकेच्या गाडीतच द्यावेत. पिलांजवळ बसलेल्या कुत्रीला छेडू नये, हे मुलांना शिकवावे. कुत्रा अंगावर आला तर पळू नये, शांत उभे राहावे.

आणि चावलाच तर? जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुवावी. मिरची, चुना, हळद काही लावू नये. त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठावे. त्वचेत दिल्या जाणाऱ्या लसीचे डोस पहिल्या दिवशी आणि त्यानंतर 3, 7 व 28 व्या दिवशी असतात. जखम खोल असेल तर जखमेत द्यायचे वेगळे इंजेक्शनही लागते. पोटात चौदा इंजेक्शने घेण्याचा काळ गेला, त्या भीतीने कोणी घरी बसू नये. मूल ओरडा खाण्याच्या धास्तीने ओरखडा लपवते, म्हणून त्याला आजच सांगून ठेवा: कुत्र्याचा दात लागला तर आधी घरी येऊन सांग, कोणी रागावणार नाही.